संदर्भनिर्देशांची गणना आणि कोसंबींचे ग्रंथकर्तृत्व

एखाद्या विद्वानाच्या लेखनाचा प्रभाव त्याच्या निबंधांच्या संदर्भनिर्देशांची संख्या मोजून ठरविण्याची पद्धत विद्यापीठांत आता रूढ झाली आहे. तिचा इतिहास फार जुना नाही. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अशा सूचीची कल्पना मांडली. विज्ञानविषयांची सूची १९६४ मध्ये व्यवहारात आली. सामाजिक शास्त्रांची १९७३ मध्ये आणि कला व मानव्यविद्यांची १९७८ मध्ये तिच्या मागोमाग आली. एका निबंधावरून दुसऱ्या निबंधाकडे जाण्याची वाट दाखविणे, हे या सूचीचे मूळ प्रयोजन होय. २००५ मध्ये हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला, तोपर्यंत वाट दाखविणाऱ्या साधनाचे मापदंडात रूपांतर झाले होते. हा मापदंड अनेक शास्त्रांत संचार करणाऱ्या विद्वानास लावला असता काय हाती लागते, हे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्या लेखनावरून पाहावयाचे आहे.

प्रथम आनुवंशिकीचा विचार करू. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना कोसंबींनी ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’ मध्ये अवघ्या चार पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. जनुकांच्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरील त्यांचे अंतर कसे काढावे, हा त्याचा विषय. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात एका ठिकाणच्या विनिमयाचा शेजारच्या विनिमयावर परिणाम होत नाही असे गृहीत होते. कोसंबींच्या सूत्राने हा परिणाम हिशेबात घेतला. आज पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे अभ्यासक हॉल्डेन की कोसंबी, एवढाच पर्याय निवडतात. मूळ निबंध कोठे १९४३ चा, तर कोठे १९४४ चा म्हणून निर्देशिला जातो, आणि पुष्कळदा निर्देशिलाही जात नाही. भाषेच्या अभ्यासकास ही प्रक्रिया परिचित आहे : विशेषनामाचे सामान्यनाम झाले की व्यक्तीचे विस्मरण होते.

संभाव्यताशास्त्रात याच्या उलट घडले. यादृच्छिक प्रक्रियेचा श्रेणीरूप विस्तार कोसंबींनी १९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात मांडला. पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी तो स्वतंत्रपणे मांडला व त्या दोघांच्याच नावाने तो प्रसिद्धीस आला. कोसंबींचे नाव त्यास आता कोठे कोठे जोडले जाते. आनुवंशिकीत नाव राहिले आणि निबंध मागे पडला. येथे कल्पना राहिली आणि नाव गळाले.

तिसरे क्षेत्र संस्कृत पाठचिकित्सेचे. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची कोसंबींनी सिद्ध केलेली आवृत्ती १९४८ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी त्यांनी तीनशेंहून अधिक हस्तलिखितांचा आधार घेतला आणि सर्व परंपरांना समान असलेले श्लोक संशयित श्लोकांपासून वेगळे केले. व्ही. व्ही. गोखले यांच्या सहकार्याने संपादिलेला विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्यमालेत निघाला. इंगॉल्स यांचा १९६५ चा इंग्रजी अनुवाद त्याच पाठावर उभा आहे. अनुवाद वाचणारा अनुवादकाचा निर्देश करतो. पाठ निश्चित करणारा पायाच्या दगडाप्रमाणे दृष्टीआड राहतो.

इतिहासक्षेत्राची स्थिती याहून निराळी आहे. १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा ग्रंथ नावानिशी उद्धृत होतो, तो मुख्यतः वादासाठी. सरंजामशाही वरून आली आणि खालूनही वाढली, या त्यांच्या मांडणीचा रामशरण शर्मा यांच्या लेखनाशी निकटचा संबंध आहे. भारतात सरंजामशाही होती काय, हा हरबंस मुखिया यांनी १९८१ मध्ये उपस्थित केलेला प्रश्नही त्याच चर्चेतला. येथे प्रत्येक संदर्भनिर्देश संमतीचा असेलच असे नाही, आणि तरीही प्रभाव निर्विवाद आहे.

आता या चार प्रकारच्या निर्देशांची बेरीज करून एक संख्या काढली, तर ती कशाची संख्या होईल? आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत कोसंबींनी ‘एस. डुक्रे’ या नावाने लिहिलेले गणिती निबंध त्यांच्या नावाखाली शोधणाऱ्यास सापडणार नाहीत. उलट रीमान गृहीतकाविषयीचा १९५९ चा त्यांचा सदोष निबंध यादीत एक नग म्हणून इतरांच्या बरोबरीने बसेल. चार पानांचे सूत्र आणि अनेक वर्षांच्या परिश्रमांची चिकित्सक आवृत्ती यांना एकाच तराजूत घातल्यास आवृत्तीचे पारडे हलके ठरणार, हे सांगावयास नको.

हा प्रश्न केवळ एका दिवंगत पंडिताच्या कीर्तीचा नाही. बोलीची पाहणी, हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची, जुन्या मराठी ग्रंथाची संशोधित संहिता, शब्दकोश ही आपल्या विषयाची मूलभूत कामे आहेत. त्यांचा उपयोग सर्व करतात, निर्देश थोडे करतात. मराठीत लिहिलेले संशोधन तर या सूच्यांत अभावानेच आढळते. प्रबंधाचा विषय निवडणारा विद्यार्थी संख्येकडे पाहून निवड करू लागला, तर या कामांना माणसे मिळणार नाहीत. तेव्हा संशोधनाचे मूल्यमापन करताना संख्या जरूर पाहावी. परंतु या कामावाचून त्या क्षेत्रातील पुढील कोणते काम अशक्य झाले असते, हा प्रश्न तिच्या आधी विचारावा. कोसंबींच्या बाबतीत त्याचे उत्तर प्रत्येक क्षेत्रातून वेगळे येते, आणि ते प्रत्येक क्षेत्राच्या जाणकारासच देता येते.