रुपयाची मूल्यवृद्धी (१८९३–१९२७)

एखाद्या देशाच्या चलनाला परकीय चलनाच्या मोबदल्यात पूर्वीपेक्षा अधिक भाव येणे, म्हणजे त्या चलनाची मूल्यवृद्धी. ब्रिटिश अमदानीत रुपयाचा हा भाव शिलिंग-पेन्समध्ये सांगत आणि व्यापारी त्याला हुंडणावळीचा दर म्हणत. २४० पेन्सचा एक पौंड. त्यामुळे रुपयाचा दर १६ पेन्स असला की पौंडाला १५ रुपये पडत. दर १८ पेन्सवर चढला की तोच पौंड १३ रु. ५ आ. ४ पै इतक्यात मिळे. दर चढला म्हणजे रुपया वधारला.

१८९३ ते १९२७ या काळात रुपया तीनदा वधारला. पहिल्या वेळी सरकारने टांकसाळी बंद करून नाण्याचा पुरवठा तोडला, दुसऱ्या वेळी जगभर चांदी महागली, तर तिसऱ्या वेळी निर्यात जोरात असताना चलन हात राखून सोडले गेले. तिसऱ्या खेपेचा १६ की १८ पेन्स हा वाद मुंबईत सर्वाधिक तीव्रतेने लढला गेला. या वादाची कागदपत्रेही विपुल आहेत.

पार्श्वभूमी : १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा रुपया सर्व ब्रिटिश मुलखात चालू झाला. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन द्यावी आणि अल्प खर्च देऊन रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्यामुळे रुपयाची किंमत त्यातील चांदीइतकीच राही. १८७० नंतर जर्मनीसह युरोपातील देश सोन्याकडे वळले, चांदी घसरली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेत निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज, रेल्वेची हमी आणि लष्करी खर्च यांपोटी दरसाल पौंड द्यावे लागत. दर घसरेल तसतसे या ‘होम चार्जेस’साठी अधिक रुपये लागत. रुपया वर चढवण्याची निकड प्रथम सरकारी तिजोरीला भासली, हे पुढचा सारा इतिहास वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

टांकसाळबंदी (१८९३) : चलनप्रश्नावर नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या. व्यापार वाढत होता, पण नवे रुपये पडत नव्हते. नाण्याची टंचाई झाली आणि प्रारंभीच्या घसरणीनंतर रुपया चढत जाऊन १८९८ च्या सुमारास १६ पेन्सवर पोहोचला. त्यानंतरच्या फौलर चलन समितीने तोच दर कायम करून सॉव्हरिन हे सोन्याचे नाणे १५ रुपयांना चालवण्याची शिफारस केली.

यात नाणे आणि धातू यांची फारकत झाली. रुपया १६ पेन्सचा झाला, तरी त्यातील चांदी त्या वेळच्या भावाने सुमारे १० पेन्सचीच होती. शहरातल्या हिशेबात हा आकडा निरुपद्रवी दिसतो. पण दख्खनच्या शेतकऱ्याची शिल्लक पेढीत नसे; ती घरातील बायकांच्या अंगावर असे. वाळे, तोडे, साखळ्या, गोठ यांत ती चांदीच्या रूपाने साठवलेली असे. टांकसाळी उघड्या असताना रुपयाभार चांदी मोडली की घट-मजुरी जाऊन जवळपास रुपया हाती येई. बंदीनंतर त्याच दागिन्याला सोनार बाजारभावाने पैसे देई आणि शेतसारा मात्र पूर्वीइतक्याच रुपयांत भरावा लागे. लगेच १८९६–९७ चा आणि पाठोपाठ १८९९–१९०० चा दुष्काळ आला. दागिने मोडायची वेळ आली, तेव्हा ती पुंजी आटलेली होती. रुपया वधारल्याने गरिबाच्या बचतीचे असे नुकसान झाले. करदात्याकडून महागलेला रुपया वसूल करणे म्हणजे गुपचूप करवाढ करणे होय, असा आक्षेप दादाभाई नौरोजींनी घेतला होता.

मुंबईच्या गिरण्यांनाही फटका बसला. त्यांचे सूत चीनला जाई आणि चीनचे चलन चांदीचेच राहिले. तितक्याच चांदीच्या डॉलरांचे आता कमी रुपये होऊ लागले.

महायुद्धकाळ (१९१७–१९२०) : युद्धकाळात हिंदी मालाला मागणी आली आणि चांदी भडकली. चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली की १६ पेन्सच्या दराने रुपया नाणे म्हणून चालवण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे ठरे. म्हणून सरकार हुंडणावळीचा दर टप्प्याटप्प्याने चढवत गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये १७ पेन्स असलेला दर डिसेंबर १९१९ मध्ये २ शिलिंग ४ पेन्स झाला. फेब्रुवारी १९२० मध्ये लंडनला चांदीने ८९½ पेन्सचा उच्चांक गाठला. नाणी अपुरी पडल्याने १९१७ अखेर एक रुपयाची आणि पुढे अडीच रुपयांची नोट निघाली. अमेरिकेने पिटमन कायद्यान्वये आपल्या साठ्यातील २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकली.

या खेपेला रुपया इतका वधारूनही धान्य स्वस्त झाले नाही. १९१८ चा पाऊस हुकला होता, वाघिणी व जहाजे युद्धकामात गुंतली होती आणि नोटांचा फैलाव वाढला होता. हुंडणावळ चढली की आयात माल व निर्यातयोग्य धान्य स्वस्त होईल, ही सरकारी अपेक्षा ज्वारी-बाजरीच्या बाजारात फोल ठरली.

युद्धानंतर चलनप्रश्नावर नेमलेल्या बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्यातील दोन शिलिंगांचा दर सुचवला. समितीचे एकमेव हिंदी सभासद दादिबा मेरवानजी दलाल यांनी भिन्नमतपत्रिका जोडून जुना १५ रुपयांचा सॉव्हरिनच मागितला. सरकारने दोन शिलिंगांचा दर टिकवण्यासाठी १९२० मध्ये लंडनवरील ‘उलट हुंड्या’, म्हणजे इथे रुपये घेऊन लंडनला पौंड देण्याच्या हुंड्या, विकल्या. त्यांत सुमारे साडेपाच कोटी पौंड गेले, तरी दर टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया १६ पेन्सच्याही खाली उतरला. चढ्या दराच्या भरवशावर विलायती कापड मागवलेले व्यापारी अडचणीत आले. शंभर पौंडांच्या मालाचे दोन शिलिंगांच्या दराने हजार रुपये व्हायचे, तेच १६ पेन्सला दीड हजार झाले. अनेकांनी माल सोडवून घेण्यास नकार दिला.

१८ पेन्सचा दर (१९२४–१९२७) : १९२२ नंतर पाऊसपाणी बरे झाले, कापूस-तागाची निर्यात वाढली आणि रुपयांना मागणी आली. अशा वेळी सरकारने पुरेसे नवे चलन बाजारात सोडले असते, तर दर १६ पेन्सवर थांबला असता, असे टीकाकारांचे म्हणणे होते. १९२४ च्या उत्तरार्धात रुपया १८ पेन्सवर गेला. एप्रिल १९२५ मध्ये पौंड पुन्हा सोन्याला जोडला गेल्यावर तोच दर सोन्यातही १८ पेन्स झाला. चलनविषयक हिल्टन यंग आयोगाने १९२६ च्या अहवालात तो कायम करण्याची शिफारस केली आणि मार्च १९२७ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात निसटत्या बहुमताने तसा कायदा झाला. त्या वेळी बेझिल ब्लॅकेट अर्थसदस्य होते. सोन्याचा भाव तोळ्याला २१ रु. ३ आ. १० पै ठरला. जुन्या दराने तो २३ रु. १४ आ. च्या आसपास पडला असता. लग्नासाठी सोने घेणाऱ्या घराला ही तोळ्यामागे अडीच रुपयांहून अधिक बचत होती.

दैनंदिन भावांवर परिणाम : परदेशी बाजारावर अवलंबून असलेल्या मालाचा भाव सर्वांत आधी हलतो. समजा, काही गासड्यांचे लिव्हरपूलला २० पौंड येतात. १६ पेन्सच्या दराने त्यांचे ३०० रुपये होतात, १८ पेन्सने २६६ रु. १० आ. ८ पै. व्यापाऱ्याचे ३३ रुपये बुडाले असे वाटते, पण व्यापारी तार आल्याबरोबर खरेदीचा भाव उतरवतो. जिनिंग-प्रेसिंग, दलाली, हमाली व आगगाडीचे भाडे रुपयांत ठरलेले असते. ते कमी होत नाही. हा खर्च ६० रुपये धरला तर शेतकऱ्याला २४० ऐवजी सुमारे २०७ रुपये मिळतात. दर साडेबारा टक्क्यांनी चढला, निर्यातमालाचा भाव अकरा टक्के पडला आणि शेतकऱ्याची प्राप्ती चौदा टक्के घटली. सारी तूट साखळीच्या शेवटच्या टोकाला येऊन पडते. वऱ्हाड-खानदेशातल्या कापूसवाल्याला हुंडणावळ हा शब्द ठाऊक असो वा नसो, हंगामात त्याची किंमत तोच मोजत होता.

त्याची देणी मात्र रुपयांत बांधलेली होती. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत शेतसाऱ्याची आकारणी साधारण तीस वर्षांसाठी ठरे. सावकाराचा कागदही रुपयांतच असे. तितकाच सारा आणि तितकेच व्याज फेडायला आता अधिक कापूस विकावा लागे.

आयात मालाची स्वस्ताई उलट दिशेने, पण मंद गतीने येते. रॉकेल, मँचेस्टरचे कापड, जावाची साखर, लोखंडी पत्रे, काड्यापेट्या या वस्तू तत्त्वतः नवव्या हिश्श्याने उतरायला हव्यात. बंदरावर हा फरक लवकर दिसे. पण घाऊक व्यापाऱ्याकडे जुन्या भावाचा माल असे, तो संपेपर्यंत नवा भाव खाली झिरपत नसे. शिवाय किरकोळ विक्री पैशा-दिडक्यांत चाले. एका पैशाला मिळणाऱ्या वस्तूचा नववा भाग उतरवायला नाणेच नव्हते, कारण पैशात तीन पै आणि पैच्या खाली काही नाही. म्हणून कापडाच्या ताग्याला किंवा रॉकेलच्या डब्याला लाभ दिसे, काडीपेटीला तो दिसत नसे. खेड्यात किरकोळीने घेणाऱ्या कुटुंबाला आयातीच्या स्वस्ताईतला फार थोडा वाटा मिळाला असावा.

ज्वारी, बाजरी, भाजीपाला, घरभाडे, मजुरी यांवर परिणाम अप्रत्यक्ष होता. चलन आखडल्याने उधारी आटते आणि हळूहळू सर्वच भाव दबतात.

ठरीव पगाराच्या कारकुनाला, शिक्षकाला व पेन्शनरला या स्वस्ताईचा खरा लाभ होता. विलायतेला पैसे पाठवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याचा लाभ सर्वांत स्पष्ट होता. हजार रुपयांचे १६ पेन्सने ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स होत, तेच आता ७५ पौंड झाले.

गिरण्यांबाबत मतभेद आहेत. मालकांनी १९२५ मध्ये मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, तिच्याविरुद्धचा संप सप्टेंबरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत चालला आणि देशी कापडावरील उत्पादनकर स्थगित झाल्यावर कपात मागे घेतली गेली. या संकटात हुंडणावळीचा वाटा किती आणि जपानी स्पर्धेचा, जुन्या यंत्रांचा किंवा युद्धकाळातील बेसुमार नफेवाटपाचा किती, यावर एकमत नाही.

वाद : आयोगाचे बहुमत असे की देशातील भाव व मजुरी १८ पेन्सशी जुळली आहेत, आता १६ वर परतल्यास साडेबारा टक्क्यांची महागाई लादली जाईल. आयोगाचे सभासद पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिकेत हे नाकारले. जुळणी पूर्ण झालेली नाही, मजुरी उतरवायला गेल्यास संघर्ष होईल आणि हा दर सरकारने चलन आखडून घडवून आणलेला आहे, असे त्यांनी मांडले. मुंबईत ‘इंडियन करन्सी लीग’ स्थापन होऊन तिने १६ पेन्ससाठी चळवळ केली.

भीमराव आंबेडकर यांची भूमिका या दोहोंपासून निराळी होती. १९२५ मध्ये पुण्याच्या ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’त लिहिताना आणि त्याच वर्षी आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी वादाचा रोख वर्गहिताकडे वळवला. उतरत्या हुंडणावळीने निर्यातदाराला होणारा लाभ परदेशातून येत नाही. भाव चढतात पण मजुरी मागे राहते, म्हणून तो देशातल्याच मजुरी-पगारावर जगणाऱ्यांच्या खिशातून येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. दराच्या आकड्यापेक्षा चलनाची खरेदीशक्ती स्थिर राहणे त्यांना महत्त्वाचे वाटे. आजही या प्रश्नाची याहून स्वच्छ मांडणी सापडणे कठीण आहे. शेतकरी एकाच वेळी विकणारा, ऋणको आणि हंगामी मजूर असतो, ही गुंतागुंत मात्र वादाच्या तिन्ही बाजूंनी अपुरीच हाताळली.

जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत मिठावरील कर रद्द करण्याबरोबर रुपयाचा दर १६ पेन्सवर आणण्याचीही मागणी होती.

पुढील इतिहास : १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक (१९१४ = १००) १४१ वरून १९३३ पर्यंत ८७ वर आला. १८ पेन्सच्या दराने ही घसरण किती तीव्र केली, हे वादग्रस्त आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडल्यावर रुपया १८ पेन्सनेच स्टर्लिंगला बांधला गेला. सोन्याचा रुपयांतील भाव चढला आणि अडचणीतल्या कुटुंबांनी मोडलेले सोने मोठ्या प्रमाणावर परदेशी गेले. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यात हाच दर आला. १९४९ मध्ये रुपया स्टर्लिंगबरोबरच उतरल्याने पौंडाचे १३ रु. ५ आ. ४ पै कायम राहिले. ते ६ जून १९६६ च्या अवमूल्यनात २१ रुपये झाले.

संस्थानी चलने : मराठवाड्यात निजामाचा हाली शिक्का चाले, ब्रिटिश ‘कलदार’ रुपयाशी त्याचा बट्टा वेगळा असे.

लेखन : आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडन विद्यापीठातील प्रबंध १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला; त्याला एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. १९४७ मध्ये तो ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’ या नावाने मुंबईहून पुन्हा निघाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील वा. गो. काळे यांनीही चलनप्रश्नावर लिहिले.