‘सी-आय-डी-ई’ने संपणाऱ्या शब्दांचे कुळ

इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘सी, आय, डी, ई’ ही चार अक्षरे आली, की बहुतेक वेळा त्या शब्दात कोणाचा तरी अंत दडलेला असतो. या अक्षरांचे मूळ लॅटिनमधील ‘केडेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ कापणे, ठार मारणे. त्यापासून लॅटिनमध्ये दोन प्रत्यय तयार झाले : ‘सिडा’ म्हणजे मारणारा आणि ‘सिडियम’ म्हणजे मारण्याची क्रिया. इंग्रजीत येताना दोन्हींचे रूप एकच झाले. म्हणूनच ‘सुसाइड’ ही कृती ठरते, तर ‘इन्सेक्टिसाइड’ हा पदार्थ. मराठीने हा भेद जपला आहे. कृतीसाठी ‘हत्या’ वा ‘वध’ आणि पदार्थासाठी ‘नाशक’ असे वेगळे शब्द ती वापरते.

कृतिवाचक शब्दांत मारला जाणारा कोण, हे प्रत्ययाच्या आधीचा भाग सांगतो. ‘रेजिसाइड’ म्हणजे राजहत्या, ‘पॅट्रिसाइड’ पितृहत्या, ‘मॅट्रिसाइड’ मातृहत्या, ‘फ्रॅट्रिसाइड’ बंधुहत्या आणि ‘इन्फंटिसाइड’ बालहत्या. गर्भातच जीव घेतला गेल्यास ‘फिटिसाइड’, अर्थात भ्रूणहत्या. ‘होमिसाइड’ म्हणजे मनुष्यवध. मात्र प्रत्येक मनुष्यवध हा खून नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सदोष मनुष्यवध कलम १०० मध्ये आणि खून कलम १०१ मध्ये स्वतंत्रपणे सांगितला आहे. ‘जेनोसाइड’ म्हणजे वंशसंहार. हा शब्द या कुळात बराच नवा आहे. पोलिश ज्यू कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी ग्रीक ‘जेनोस’ला लॅटिन प्रत्यय जोडून तो घडविला आणि १९४४ मध्ये ग्रंथातून मांडला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार स्वीकारला.

पदार्थवाचक शब्दांचे महत्त्व शेतात कळते. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुका हा भात, नागली, वरई पिकविणारा डोंगराळ भाग. खरिपाची कामे उरकली, की तेथील अनेक आदिवासी कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. बागेत फवारणीला ‘औषध मारणे’ म्हणतात. डब्यावरचे नाव मात्र मारण्याचेच असते. केवडा, भुरी, करपा हे बुरशीजन्य रोग, त्यांच्यासाठी ‘फंगिसाइड’, म्हणजे बुरशीनाशक. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण याच वर्गातले. उडद्या, थ्रिप्स या किडींसाठी ‘इन्सेक्टिसाइड’. लाल कोळी मात्र आठ पायांचा, म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या कीटक नव्हे. त्यासाठी ‘अ‍ॅकॅरिसाइड’ वा ‘मिटिसाइड’ हे कोळीनाशक लागते. मुळांतील सूत्रकृमींसाठी ‘नेमॅटिसाइड’, उंदीर-घुशींसाठी ‘रोडंटिसाइड’ आणि तणांसाठी ‘हर्बिसाइड’. यालाच भारतात ‘वीडिसाइड’ही म्हणतात. या शब्दांची गल्लत महागात पडते. टू-फोर-डी या तणनाशकाला द्राक्षवेल अतिशय संवेदनशील आहे. शेजारच्या शेतातून वाऱ्याबरोबर आलेले त्याचे तुषारही वेलीची पाने विद्रूप करतात.

‘पेस्टिसाइड’ हा या सर्वांना पोटात घेणारा शब्द. ‘पेस्टिस’ म्हणजे लॅटिनमध्ये रोगाची साथ. त्याचे भाषांतर ‘कीटकनाशक’ असे सर्रास होते. ‘कीडनाशक’ हे अधिक बरोबर. गंमत अशी, की १९६८ च्या भारतीय कायद्याचे नाव ‘इन्सेक्टिसाइड्स अ‍ॅक्ट’ असले, तरी बुरशीनाशके आणि तणनाशकेही त्याच्या कक्षेत येतात.

काही शब्द मात्र चकवतात. ‘डिसाइड’ हा याच कुळातला असला, तरी त्यात कोणी मरत नाही. इतर पर्याय कापून टाकणे, म्हणजे निर्णय घेणे. ‘प्रिसाइज’, ‘कन्साइज’ हेही ‘केडेरे’चेच वंशज. याउलट ‘कोइन्साइड’ म्हणजे एकाच वेळी घडणे. त्याची शेवटची अक्षरे तीच असली, तरी मूळ ‘काडेरे’, म्हणजे पडणे, या वेगळ्या क्रियापदात आहे. ‘अ‍ॅक्सिडेंट’ आणि ‘इन्सिडेंट’ही तिथलेच.

ज्याला ही इंग्रजी नावे वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी डब्यावर रंगाची खूण असते. चौकोनाच्या खालच्या त्रिकोणातील रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल अत्यंत विषारी, पिवळा अति विषारी, निळा मध्यम, तर हिरवा सौम्य. हिरवा रंग म्हणजे निर्धोक असे मात्र नव्हे. शिवाय रंग केवळ विषाची तीव्रता सांगतो. ते विष बुरशीसाठी आहे, किडीसाठी की तणासाठी, हे ‘साइड’च्या आधीच्या अक्षरांतूनच कळते.