गोंदियाचं शून्य

तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. मी गोंदियात बसून काम करत होतो म्हणून ती मला दिसली नाही. जंगलात झाडांच्या नोंदी घेत फिरणाऱ्यांना वाट दाखवणारं एक ॲप आम्ही बनवत होतो. पुढच्या ठिकाणाची दिशा उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानावरून काढायची आणि माणूस कुठे तोंड करून उभा आहे ते फोनमधल्या होकायंत्रावरून ओळखायचं. घरामागच्या धानाच्या बांध्यांमध्ये मी आठवडाभर चाचण्या घेतल्या. बाण अचूक होता. मग अमेरिकेतल्या मेन राज्यातून निरोप आला, की ॲप माणसांना दर किलोमीटरला पाव किलोमीटरहून जास्त बाजूला नेतंय.

कारण शाळेच्या पुस्तकातलं होतं. नकाशाची उत्तर ध्रुवाकडे असते, होकायंत्राची उत्तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे ठरते. या दोन उत्तरांमधल्या कोनाला चुंबकीय दिक्पात म्हणतात. मेनमध्ये तो पंधरा-सोळा अंश पश्चिम आहे. भारतात मात्र काश्मीरकडे तो थोडा पूर्वेला, केरळकडे थोडा पश्चिमेला, आणि मधल्या पट्ट्यात शून्याच्या आसपास. गोंदियात तो एका अंशाहूनही कमी. दोन वेगळ्या उत्तरा मी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि माझ्या गावात त्या जवळपास एकच होत्या. दुरुस्ती करताना अधिकच्या जागी वजा केलं असतं, तरी इथे कळलं नसतं.

ज्या गावात हे घडलं, तिथे हा कोन रोज शिकवला जातो. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे. आज तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. पट्टीच्या टोकांवर 04 आणि 22 हे आकडे आहेत. लहानपणी मला ते अनुक्रमांक वाटायचे. प्रत्यक्षात त्या दिशा आहेत : सुमारे 40 आणि 220 अंश, शेवटचं शून्य गाळून. हे अंश चुंबकीय उत्तरेपासून मोजलेले असतात. ही उत्तर वर्षानुवर्षं सरकत राहते, त्यामुळे जमिनीवरची पट्टी तसूभरही न हलता तिचं नाव बदलू शकतं. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाची पट्टी 2009 पर्यंत 05/23 होती. त्या वर्षी ती 04/22 झाली, म्हणजे आकड्यांपुरती आमच्या बिरसीची जुळी बहीण.

सुई फसवते, हे आपल्या किनाऱ्यावर फार पूर्वी नोंदलं गेलंय. 1538 मध्ये लिस्बनहून गोव्याला निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो वाटेत ठिकठिकाणी दिक्पात मोजत होता. जवळ तोफ असली की सुई हलते, हे त्याने प्रवासातच टिपलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वसईजवळ आकडे जुळेनात, तेव्हा त्याने दोष खडकांना दिला. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात चुंबकीय लोहखनिज असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्याचं म्हणणं पटेल. तोफेची जागा आता इंजिनाने आणि तारांनी घेतली आहे. विमानातल्या होकायंत्राशेजारी म्हणूनच एक छोटं कार्ड असतं : कोणत्या दिशेला सुई किती चुकते, त्याचं.

पण दिक्पात एकदा मोजून भागत नाही. मुंबईत कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. आर्लिबार यांच्या हाताखाली तिथे केरो लक्ष्मण छत्रे काम करत, पुढे टिळकांचे गुरू झालेले केरूनाना. 1859 च्या सप्टेंबरातल्या प्रचंड सौर वादळाची नोंद इथे झाली. ती आजही जगभर अभ्यासली जाते. 1896 मध्ये नानाभाई मूस वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यापुढे नवं संकट उभं राहिलं : विजेच्या ट्राम. त्यांच्या विद्युतप्रवाहाने सुया बिघडणार होत्या. मूस यांनी अलिबागला लोखंड टाळून, पोरबंदरच्या दगडात नवी इमारत उभी केली. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुनी मालिका नवीला जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये धावली. मालिका तुटली नाही.

वैमानिकाला हे सगळं एका ओळीत मिळतं : नकाशावरच्या दिशेतून पूर्व दिक्पात वजा करा, पश्चिम दिक्पात मिळवा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला आले, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता. नकाशा, घड्याळ, होकायंत्र आणि खालची जमीन यांवरच भिस्त. अशा वेळी एका अंशाची चूक साठ मैलांत एक मैल बाजूला नेते. पंधरा अंशांची चूक उतरायचं गावच हरवते.

चूक निस्तरल्यावर मी आमच्या घरी भाड्याने राहणाऱ्या प्रशिक्षणार्थी मुलाकडे त्याचा उड्डाणाचा आराखडा मागितला. प्रत्येक टप्प्यापुढे एक रकाना दिक्पाताचा, आणि बहुतेक ठिकाणी शून्य. मी विचारलं, नेहमी शून्यच येणार असेल तर लिहितोस कशाला? तो म्हणाला, रकाना रिकामा राहिला तर सरांना कसं कळेल, की मी पाहिलं आणि शून्य निघालं, की बघायलाच विसरलो?

माझ्या प्रोग्राममध्ये तो रकानाच नव्हता. आता आहे. जागा आणि तारीख दिली की तो त्या ठिकाणचा दिक्पात काढतो. गोंदियासाठी उत्तर जवळजवळ शून्य येतं, पण ते आता मोजलेलं शून्य असतं.