दंतरोपण, मुखकर्करोगोत्तर
मुखकर्करोगासाठी जबड्याचा भाग काढावा लागलेल्या वा प्रारणचिकित्सा घेतलेल्या रुग्णाच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याची ही चिकित्सा, स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये प्रथम मानवी जबड्यात योजिलेल्या पद्धतीचेच बिकट रूप होय. कवळी येथे बहुधा निरुपयोगी ठरते; तिला तोलणारी हिरडीची कड उरलेली नसते आणि लाळ आटल्याने तोंड सोलवटते. गमावलेल्या जबड्याच्या जागी नडगीलगतचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून जोडतात व त्यातच स्क्रू बसवितात. मात्र सुमारे ५० ग्रेहून अधिक प्रारण सोसलेल्या हाडाचा, विशेषतः खालच्या जबड्याचा, रक्तपुरवठा मंदावलेला असल्याने छिद्र पाडताच ते मृत होऊन सडण्याचे भय असते. म्हणून अर्बुद काढतानाच रोपण उरकण्याची तजवीज काही शल्यचिकित्सक करतात. तंबाखू न सोडणाऱ्यास हा खर्चिक खटाटोप सुचवू नये.