खोडता न येणारी पाटी

इ. स. ९५२-५३च्या सुमारास दमास्कसमध्ये अल्-उक्लिदीसी नावाच्या गणितज्ञाने भारतीय अंकगणितावर एक ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेलेले हे गणित धुळीत करायचे होते. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे आणि गुणाकार पुढे सरकेल तसे जुने आकडे पुसून त्याच जागी नवे मांडायचे. आपल्याकडे या गणिताला पाटीगणित आणि धूलिकर्म ही नावे पडली ती त्यामुळेच. उक्लिदीसीने ते कागद-शाईवर आणले. शाई काही पुसता येत नाही. म्हणून रीतच बदलणे भाग पडले. जुना आकडा आहे तिथे राहू द्यायचा आणि नवा पुढच्या मोकळ्या जागेत लिहायचा.

संगणकाच्या जगात असाच एक फेरा विसाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याचा एक धागा आपल्या कोकणातल्या एका एकखोली शाळेपर्यंत येतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणकाची जुनी चुंबकीय तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, ही धूळपाटीच होती. हव्या त्या जागेवरचा मजकूर पुसून तिथेच नवा लिहिता येई. १९८४ साली तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी एका नव्या स्मृतिचिपेविषयीचा निबंध सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडला. वीज गेली तरी तिच्यातले लिहिलेले टिकत असे. पुसताना मात्र एकेक अक्षर पुसता येत नसे, एक मोठा भाग एका झटक्यात पुसावा लागे. हा झटका पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडले. (या शोधाचा पुरेसा मोबदला मिळाला नाही म्हणून मासुओकांनी पुढे तोशिबावर दावा लावला, २००६मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तो मिटला. ज्या वस्तूवर आज जगभरचे मोबाइल चालतात तिच्या मानाने ही रक्कम किरकोळच म्हणायची.)

फ्लॅशच्या अडचणी दोन. पानभर लिहिता येते, पण पुसायचा तो चौसष्ट-चौसष्ट पानांचा अख्खा गठ्ठा. या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. दुसरी अडचण झिजेची. चांगल्या जुन्या चिपेतला ब्लॉक लाखभर वेळा पुसता येई; नंतरच्या स्वस्त आणि दाटीवाटीच्या चिपांमध्ये हा आकडा काही हजारांवर आला. एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहीत राहिले तर तेवढी जागा निकामी होते, बाकीची चिप नवीकोरी असली तरी.

यावरचा तोडगा आपल्या व्यापाऱ्यांना परका वाटू नये. पेढीवर दोन वह्या असतात, कीर्द आणि खतावणी. कीर्दीत दिवसाचे व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरायचे. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर दुरुस्तीची नोंद खाली करायची. कोणाकडून किती येणे हे पाहायला मात्र खतावणी लागते. पाडव्याला हळदकुंकू वाहून नवी वही घालतो तेव्हा जुन्या वहीतले चालू हिशेब तेवढे पुढे ओढतो, मिटलेले मागे ठेवतो. १९९१मध्ये बर्कलीच्या मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन औस्टरहाउट यांनी अशी फक्त पुढेपुढे लिहीत जाणारी फाइल सिस्टिम मांडली. त्यांनी ती वेगासाठी हार्ड डिस्कवर बांधली होती. ती खरी शोभली फ्लॅशला.

स्वीडनमधल्या लुंड शहरी अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्स ही कंपनी जाळ्याला जोडायचे कॅमेरे बनवत असे. असा कॅमेरा खांबावर टांगलेला. त्याची वीज कधीही जाणार. लिहिता लिहिता वीज गेली तरी आधीचे हिशेब शाबूत राहिले पाहिजेत, या गरजेपोटी कंपनीने १९९९मध्ये जेएफएफएस ही फाइल सिस्टिम लिनक्ससाठी केली. आद्याक्षरांतला पहिला शब्द ‘जर्नलिंग’. म्हणजे नावातच कीर्द आली. अर्धवट राहिलेली नोंद बेरजेच्या तपासणीत उघडी पडते, ती सोडून द्यायची, आधीची नोंद तर जागेवर आहेच. निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीच्या गावांनी कित्येक आठवडे अंधारात काढले आहेत. वीज भरवशाची नाही हे गृहीत धरून केलेल्या यंत्ररचनेचे मोल त्यांना वेगळे सांगायला नको.

पहिली जेएफएफएस फार सोवळी होती. ती चिपेभोवती गोल फिरे आणि जागा मोकळी करताना समोर येईल तो ब्लॉक, त्यात कामाचाच मजकूर असला तरी, उचलून पुढे लिही. झीज सारखी होई, पण फुकटची लिहालिही फार. २००१मध्ये रेड हॅट कंपनीतल्या डेव्हिड वूडहाउस यांनी तिची दुसरी आवृत्ती, जेएफएफएस२, नव्याने लिहिली. तिने मजकूर दाबून लहान करून ठेवण्याची सोय आणली, आणि केर काढण्याची एक नामी रीतही. शंभरातून नव्याण्णव वेळा केराने भरलेला ब्लॉक निवडायचा आणि एकदा मुद्दाम पूर्ण स्वच्छ ब्लॉक उचलायचा. कारण जो मजकूर कधीच बदलत नाही तो एका जागी ठाण मांडून बसतो, त्याखालचा ब्लॉक कोरा करकरीत राहतो आणि सगळी झीज शेजाऱ्यांच्या वाट्याला येते. शंभरातून एकदा त्या बसलेल्याला उठवायचे. गावकीच्या कामाची पाळी लावणाऱ्याला हा न्याय चटकन कळेल.

एक दोष मात्र राहिला. खतावणी चिपेवर नव्हतीच. यंत्र सुरू झाले की सगळी कीर्द चाळून खतावणी रॅममध्ये नव्याने मांडायची, आणि वीज जाताच ती पुसली जायची. चिप चार-आठ मेगाबाइटची होती तोवर हे खपून गेले.

आता कोकणात येऊ. अमेरिकेतल्या एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉंटी यांनी २००५मध्ये गरीब देशांतल्या प्रत्येक मुलासाठी स्वस्त लॅपटॉपची कल्पना मांडली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६मध्ये तिला नकार दिला. आधी शाळा-शिक्षक हवेत, असे त्या नकाराचे सूत्र होते आणि ते अगदीच चुकीचे होते असे मला वाटत नाही. तरीही २००७च्या पावसाळ्यानंतर रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या प्राथमिक शाळेत ती हिरवी-पांढरी यंत्रे आली. खोली एक, शिक्षक एक, मुले विशीच्या आसपास. भारतातला हा त्या योजनेचा पहिला प्रयोग.

त्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. फिरती तबकडी वीज खाते आणि मुलाच्या हातून पडली की फुटते. होती एक गिगाबाइटची फ्लॅश चिप, आणि तिच्यावर जेएफएफएस२. चार मेगाबाइटच्या वहीसाठी ठरवलेली रीत अडीचशेपट मोठ्या वहीला लावली गेली. वूडहाउस स्वतः या कामात होते, त्यामुळे दोष ठाऊक नव्हते असे नाही. पण चिपेवर थेट चालणारे आणि कर्नलमध्ये मुरलेले दुसरे काही तेव्हा हाताशी नव्हते. हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठाच्या मंडळींनी प्रत्येक ब्लॉकच्या तळाशी त्यातल्या नोंदींचा गोषवारा लिहिण्याची सोय केली होती. त्यामुळे सकाळी सगळी कीर्द न वाचता पानोपानीची तळटीप वाचून भागे. दुखण्याला उतार पडला, दुखणे गेले नाही.

खरा पेच वही भरत आली की पडे. त्या लॅपटॉपवर मुलाला ‘सेव्ह’ करावे लागत नसे. चित्र, फोटो, आवाज, लिहिलेली ओळ असे सगळे आपोआप ‘जर्नल’मध्ये साठे. कल्पना गोड होती, पण मूल काही टाकून देत नाही आणि चिप भरत जाते. केर काढायलाही थोडी मोकळी जागा लागते, जशी सामानाने ठासलेल्या माजघराची आवराआवर करायला पडवी रिकामी हवी. काही ब्लॉक त्यासाठी राखीव असत; तरी चिप काठोकाठ भरली की यंत्र रखडे, आणि कधी कधी सुरूच होत नसे. मग नेहमीचा इलाज म्हणजे चिप पुसून प्रणाली नव्याने घालायची. यंत्र जिवंत होई आणि त्याआधीची प्रत शाळेच्या सर्व्हरवर गेली नसेल तर मुलाचे जर्नल नाहीसे होई. कॅमेऱ्याची नोंदवही आणि एका मुलाने काढलेले आपल्या बकरीचे चित्र या दोन गोष्टी फाइल सिस्टिमला सारख्याच. मुलाला नव्हेत.

उत्तर २००८मध्ये आले, नोकिया आणि त्याच सेगेद विद्यापीठाकडून. यूबीआयएफएसने खतावणी चिपेवरच ठेवली. पण खतावणीही पुसून दुरुस्त करता येत नाही. तिचे एक पान हलले की त्याचा पत्ता सांगणारे वरचे पान नव्याने लिहावे लागते, मग त्याच्यावरचे, असे थेट मुळापर्यंत. भटकते झाड असे त्या रचनेला म्हणतात. झीज वाटून देण्याचे काम यूबीआय नावाच्या वेगळ्या थराकडे सोपवले गेले. खैराटसारख्या प्रयोगांतून गेलेल्या लॅपटॉपने मात्र दुसरी वाट धरली. पुढच्या आवृत्तीत चिपेऐवजी मेमरी कार्ड आले. कार्डाच्या पोटात एक छोटा नियंत्रक असतो, तोच झिजेचे बघतो आणि बाहेर मात्र साधी धूळपाटी असल्याचा आव आणतो. आतले कळत नाही, पण किंमत कमी पडते. बाजाराने हाच मार्ग उचलला, आणि आजचे मोबाइलही त्याच जातीच्या चिपांवर चालतात. त्यांच्यासाठी सॅमसंगने लिहिलेली एफ२एफएस २०१३च्या फेब्रुवारीत लिनक्समध्ये दाखल झाली.

फाइल सिस्टिम लिहिणे कौतुकाचे असते. सांभाळणे तसे नसते. लिनक्सचा कर्नल दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. भोवतालची कळ बदलली की प्रत्येक फाइल सिस्टिमचे सांधे पुन्हा बसवावे लागतात, तेही जुन्या चिपांवर आधीच लिहिलेले वाचता यावे अशा बेताने. हे करणारे माणूस नसेल तर घर पडीक होते. पहिली जेएफएफएस २००७मध्ये कर्नलमधून काढून टाकली. लॉगएफएस ही जेएफएफएस२ची वारस म्हणून २०१०मध्ये आत आली. तिच्या कर्त्याचे लक्ष दुसरीकडे गेले, कोणी पुढे आले नाही, आणि २०१६च्या डिसेंबरात तीही निघाली.

जेएफएफएस२ मात्र अजून आहे. मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या कितीतरी घरगुती राउटरांमध्ये तुमचा पासवर्ड आणि बाकीच्या सेटिंग्ज तीच जपते. चिप आठ-सोळा मेगाबाइटची, म्हणजे तिच्या मूळ मापाची. तिच्या संकेतात बसलेल्या ब्लॉकला अधूनमधून उठवण्याची ती पाळीही जशीच्या तशी आहे. फक्त मोजणी आता शंभरावर नसून एकशे अठ्ठावीसवर चालते, आणि त्यातल्या दोन खेपा स्वच्छ ब्लॉकच्या असतात.