वही कुणाच्या हाती

१२ मे १८७५. सुप्याच्या बाजारात जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवी होती कर्जखतं, गहाणाचे कागद आणि हिशेबाच्या वह्या. सावकाराने कागद निमूट काढून दिले तिथे माणसांना सहसा धक्का लागला नाही, कागद मात्र भर चौकात जळाले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत हे लोण पसरलं. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. दंग्याचं कारण सांगताना कापसाचे पडलेले भाव, वाढलेला शेतसारा यांची चर्चा होते, आणि ती खरीच आहे. पण लोकांनी नेमकं जाळलं काय, याकडे मला पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. कुळाच्या डोक्यावरचं छप्पर आणि पायाखालची जमीन दुसऱ्याने लिहिलेल्या वहीत अडकलेली होती. ती त्याला वाचता येत नव्हती, त्याने फक्त अंगठा दिला होता.

त्या वहीचा पुढचा पुरावा लोणावळ्याच्या तुंगार्लीपासून फार लांब नाही. लोणावळा, वळवण, शिरवता इथली धरणं टाटांनी बांधली आणि १९१५ साली खोपोलीत वीज सुरू झाली. नंतर पाळी आली मुळशीची. १९२१ च्या रामनवमीला मावळे तिथल्या बांधकामावर जाऊन बसले. सेनापती बापटांमुळे हा सत्याग्रह देशभर पोचला. पण त्या खोऱ्यातली कितीतरी जमीन त्याआधीच पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. कसणारा एक, मालक दुसरा. त्यामुळे मोबदल्याची बोलणी निघाली तेव्हा घर बुडणारा माणूस आणि पैसे मोजून घेणारा माणूस वेगळे निघाले. पाण्याने गावं बुडवली हे आपण सांगतो. त्यातली बरीच घरं वहीत आधीच बुडाली होती, हेही सांगायला हवं.

वही जाळून भागत नाही, दुसरी लिहावी लागते, हे ओळखणारी माणसं त्याच काळात पुढे येत होती. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ साली अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. या प्रवासात मला सगळ्यात बोलका वाटतो तो श्रीपाद सुब्राव तालमकी यांचा क्रम. १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत आपल्या सारस्वत समाजातल्या गरजूंसाठी शामराव विठ्ठल पतपेढी उभी केली आणि १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था. आधी पत आणि मग घर. एकमेकांना कर्ज देऊन ते वेळेवर फेडण्याची सवय लागलेल्या माणसांनीच नऊ वर्षांनी मिळून इमारती बांधायचं धाडस केलं. मुंबई-पुण्यातल्या हजारो सोसायट्यांचं मूळ इथे आहे.

या वाटेला मर्यादा होत्या. या सभासदांना पगार होता, एका समाजाची ओळख होती. पुढे गावोगावच्या विकास सोसायट्यांनी सातबारा पाहून कर्ज दिलं. ज्याच्याकडे ना पगार ना सातबारा, त्याला जामीन कोण राहणार? बाईला तर दोन्ही नव्हतं. म्हणून पुढचा बदल बायकांनी केला.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गोवा मुक्तीसाठी लढलेल्या या बाईंनी गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खाणावळवाल्या हेरल्या. या बाया पीठ, डाळ, रॉकेल उधारीवर उचलत आणि व्याजात पिचत. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ लाच झालेलं होतं, पण बँकेच्या पायऱ्या चढायला कुणाचा तरी हात लागत होता. मंडळ तो हात झालं. संस्थेने पदरचे पैसे वाटले नाहीत, ती या बायांसाठी शब्द टाकत होती. समाजसंस्थेचं खरं काम मला यातच दिसतं. वाटपाचे फोटो छापून येतात, शब्द टाकल्याचा फोटो निघत नाही.

भायखळ्याला याहून अवघड गोष्ट घडली. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या पाडायला घेतल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल म्हणाला, उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. पण नोटीस देऊन झोपड्या हटवायला त्याने वाट मोकळी ठेवली. त्याच वर्षी शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'स्पार्क' संस्थेने फुटपाथवासीयांची मोजणी केली, कारण सरकारी यादीत ही माणसं नव्हतीच. मग जॉकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासी महासंघाच्या साथीने महिला मिलन उभं राहिलं. बायका रोज घरोघर फिरून रुपया-दोन रुपये गोळा करत. लिहिता न येणाऱ्या बाईच्या हिशेबासाठी प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे ठेवले जात, रंगावरून रक्कम कळे. सुप्यात जळालेल्या वहीनंतर शंभर-एक वर्षांनी निरक्षर बाईला स्वतः वाचता येईल असा हिशेब तिच्या हातात आला, तो असा.

याच बायकांनी पुढे आपल्या घराचा आराखडाही केला. साड्या आणि कापड बांधून खऱ्या मापाची घरं रस्त्यावर उभी केली, आत चालून पाहिली. छत चौदा फूट उंच हवं, म्हणजे आत पोटमाळा घालता येतो, हे त्यांनी ठरवलं. शिकलेल्या वास्तुरचनाकारांना हे सुचलं नसतं असं नाही, पण दहा बाय दहात सहा माणसांची झोप कशी बसवायची हे या बायका रोज करत होत्या. वर्षानुवर्षं पैसे साठत राहिले आणि मग मानखुर्दला त्यांची मिलन नगर सोसायटी उभी राहिली. फार वेळ लागला. त्या वेळाची किंमत कुठल्याच योजनेच्या अहवालात धरलेली नसते.

इकडे पुणे जिल्ह्यात, मावळाला लागून असलेल्या खेड तालुक्यात, राजगुरुनगरच्या 'चैतन्य' संस्थेने सुधा कोठारी यांच्या पुढाकाराने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खेड्यांत महिलांचे बचत गट सुरू केले. महाराष्ट्रात तेव्हा हे नवंच होतं. १९९२ मध्ये नाबार्डने देशभरातले ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग हाती घेतला. त्यानंतर गट सगळीकडे झाले. महिला आर्थिक विकास महामंडळ, 'उमेद' आणि शहरांसाठीचं नागरी उपजीविका अभियान यांनी ते वस्तीवस्तीत नेले.

तुंगार्ली आज लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. धरणाकडे आणि राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर बंगल्यांच्या ओळी आहेत, आणि आसपासच्या वस्त्यांतल्या बायका तिथे केरवारे, स्वयंपाक करायला जातात. अशा बायकांच्या गटाची बैठक शनिवारी-रविवारी ठेवून चालत नाही, तेव्हा बंगल्यांवर पाहुणे असतात. आधी हजेरी, मग शंभर-दोनशे रुपयांची बचत, मग उशिराचा दंड, मग कुणाला कर्ज द्यायचं त्याची चर्चा. ठराव मोठ्याने वाचला जातो, सह्या होतात. कर्जाची मागणी इथे पावसावर चालते. मे महिन्यात पत्रे आणि ताडपत्री, जूनमध्ये शाळेचे कपडे आणि वह्या, आणि ऐन पावसाळ्यात पाहुणे भरपूर, म्हणून तेव्हा परतफेड चांगली. शेकडा दोन रुपये महिना व्याज म्हटलं की बाहेरच्याला जास्त वाटतं. पण ते व्याज गटाच्याच पेटीत येतं आणि वर्षाअखेर हिशेबात सगळ्यांचं होतं. गळक्या छपराला जुलैच्या आत पत्रा मिळणं, ही घराच्या स्थैर्याची पहिली पायरी आहे. तिला कुठल्याही सरकारी योजनेत वेगळं नाव नाही.

पुढची पायरी मात्र गटाच्या आवाक्याबाहेर राहते, ती जागेची. शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःचं घर बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये मिळतात, पण जागा आपल्या नावावर हवी. बंगल्याच्या आवारातल्या खोलीत राहणारा माळी किंवा वॉचमन इथेच थांबतो. नोकरी गेली की छप्परही जातं. कातकरी वाड्यांचं दुखणं याहून जुनं आहे. कितीतरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, आणि पावसाळा संपला की वीटभट्टीची उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब घर बंद करून निघून जातं. ती उचल कुणाच्या वहीत लिहिलेली असते? भट्टीमालकाच्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम जनमन योजनेत अशा आदिम जमातींसाठी पक्की घरं आहेत. पण उचलीच्या फेऱ्यात सापडलेलं कुटुंब जातीचा दाखला, आधार, बँकखातं घेऊन अर्जाच्या वेळी गावात हजर कसं राहणार? तिथे कुणीतरी त्यांच्यासोबत तहसीलला खेटे घालणारं लागतं, आणि हे काम आजही छोट्या संस्थांचे कार्यकर्ते करतात, बहुतेक वेळा पुरेशा मानधनाशिवाय.

एक काळजी मला अलीकडे जास्त वाटते. दारात येणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या कर्जालाही बायका 'गटाचं कर्ज' म्हणतात. दहा जणी जमवायच्या, एकमेकींना जामीन ठेवायचं, आठवड्याला हप्ता घ्यायचा. रूप गटाचं, पण हिशेब कंपनीच्या माणसाच्या मोबाइलमध्ये. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांवरची व्याजाची मर्यादा काढून घेतली आणि सगळे हप्ते मिळून कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत असा नियम घातला. नियम चांगला आहे, पण तीन कंपन्यांचे हप्ते भरणाऱ्या बाईचं निम्मं उत्पन्न म्हणजे किती, हे तिच्यासमोर मांडून दाखवायला कुणी बसत नाही. गटाच्या वहीत ते दिसलं असतं. म्हणून गटात नव्याने येणाऱ्या बाईने पहिल्याच बैठकीत बाहेरची सगळी कर्जं सांगावीत, ती गटाच्या वहीत लिहावीत आणि मगच तिचा कर्जाचा अर्ज घ्यावा, असा ठराव वस्तीतल्या प्रत्येक गटाने करायला हवा. त्याला सरकारी आदेश लागत नाही, सचिवबाईची एक बैठक पुरते.