साखरेच्या पोत्यावर कुणाचं नाव?

मी कारखान्यात साखरेची पोती शिवतो. पोत्यावर सगळं छापलेलं असतं. हंगाम, दाण्याची प्रत, वजन ५० किलो, कारखान्याचं नाव. ऊस कुणी तोडला ते नसतं. एकदा फडातल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "आमी तोडलेल्या उसाची साखर कुठं जाती रं बाबा?" मला सांगता आलं नाही. म्हणून मी साखरेचा इतिहास वाचायला लागलो.

सन १७९१. इंग्लंडच्या पार्लमेंटात गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव पडला. त्याच साली विल्यम फॉक्स नावाच्या माणसानं पत्रक काढलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. वेस्ट इंडिजची साखर विकत घेणारा त्या पापाचा भागीदार आहे. घेणारा आहे म्हणून तर माणसं पळवणारा आहे. थॉमस क्लार्कसनच्या अंदाजानं तीन लाख लोकांनी साखर सोडली. मार्च १७९२ मध्ये हॅव्हरहिल गावच्या जेम्स राईट या व्यापाऱ्यानं पेपरात जाहीर केलं, की गुलामीचा डाग कमी लागलेली साखर मिळेपर्यंत मी साखर विकणार नाही. दोस्तहो, दुकानदारानं आपणहून गल्ला कमी केला. ही गोष्ट आम्हाला शाळेत कुणी शिकवली नाही.

मग 'चांगली' साखर शोधली गेली, ती आपल्या देशातली! १८२० नंतर तिथं साखरेची भांडी निघाली. त्यांच्यावर लिहिलेलं, की ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली. वाचून मी आधी हसलो. मग हसू जिरलं. त्या वेळी आपल्या देशात गुलामगिरीविरुद्ध कायदाच नव्हता, तो आला १८४३ ला. मलबारात माणसं विकली जात होती. आपल्याकडे महार वतनाच्या नावाखाली गावाची वेठ करत होता. भांड्यावर अक्षरं काढणाऱ्यानं या माणसांना काही विचारलं नव्हतं. जोतीरावांना मात्र दोन्हीकडची बेडी एकच दिसली. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामी उठवणाऱ्या लोकांना अर्पण केलं.

आता आपलं श्रीरामपूर. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं. प्रवरेचे पाट आले. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना. पुढं १९५०-५१ ला प्रवरानगरचा सहकारी कारखाना. इतिहासात धरण आहे, धुराडं आहे, चेअरमन आहेत. फडातली बाई नाही. बीडकडनं टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन जित्या माणसांना अवजाराचं नाव! मुकादमाची उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याचाच. खाडा पडला की दंड. उसाचा पैसा १४ दिवसांत द्यावा असा १९६६ चा हुकूम आहे. कोयत्याचा दर मात्र संघटना भांडतील तेव्हा करारानं ठरतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ साली गाजलं, तेव्हा सरकारनं समिती नेमली.

आज मेनरोडवर चॉकलेटची वडी मिळते. जगातला अर्ध्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतला. तिथं लहान पोरं कोयत्यानंच कोकोची बोंडं फोडतात. २००१ साली कंपन्यांनी हे थांबवायच्या करारावर सह्या केल्या. अजून थांबलेलं नाही. शेतकऱ्याला किमान भाव आणि वर गावाच्या कामाला जादा पैसा, अशा बोलीवर 'फेअर ट्रेड'चा शिक्का निघाला. १९८८ ला हॉलंडात कॉफीवर, १९९४ ला इंग्लंडात चॉकलेटवर.

दुकानदारांनो, असा माल ठेवा. गिऱ्हाईक मागत नाही म्हणू नका. फळीवर नसलेलं कोण मागणार? पण शिक्का बघून हात जोडू नका. तो मारताना कोयत्याला विचारलं होतं का, ते विचारा. नाहीतर ते त्या जुन्या भांड्यावरच्या अक्षरांसारखं होईल.

त्या म्हातारीची साखर कुठं जाते, ते मला आता थोडं कळलंय. चॉकलेटच्या वडीतसुद्धा जाते. हंगाम संपला, टोळी गावाकडं गेली. पुढच्या हंगामात ती आली तर सांगीन.